कोकणातल्या मधल्या घराचं उत्पन्न किती, आणि तो आकडा कितपत पक्का?

देशभरातल्या कुटुंबांचं उत्पन्न मोजणारी स्वतंत्र राष्ट्रीय पाहणी २०२६ मध्ये घेणार, असं केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाने २०२५ मध्ये जाहीर केलं. १९५० साली सुरू झालेली राष्ट्रीय नमुना पाहणी आजवर मुख्यतः खर्च मोजत आली. उत्पन्न विचारून पाहण्याचे प्रयोगही पूर्वी झाले होते, पण लोकांनी सांगितलेलं उत्पन्न त्यांच्याच खर्च आणि बचतीच्या बेरजेपेक्षा कमी भरू लागलं आणि ते काम बाजूला पडलं.

आता आकडे येऊ लागले की तुलनाही सुरू होतील. रत्नागिरीचं उत्पन्न वाढलं, रायगडचं घटलं, सिंधुदुर्ग पुढे गेला, अशा बातम्या येतील. त्यातल्या कितीतरी निष्कर्षांचा भार त्या आकड्यांना पेलणार नाही. हे आकडे बनतात कसे ते समजलं, तर कोणता निष्कर्ष धरायचा आणि कोणता सोडायचा हे वाचणाऱ्याला स्वतःच ठरवता येतं.

सरासरी फसवते ती कशी

किनाऱ्यावरची अकरा घरांची एक वाडी धरू. घरांचं महिन्याचं उत्पन्न चढत्या क्रमाने लिहिलं, ते असं: ६,०००, ७,०००, ८,०००, ९,०००, १०,०००, १२,०००, १४,०००, १५,०००, १८,०००, २५,००० आणि शेवटचं ट्रॉलरमालकाचं १,४०,००० रुपये. एकूण बेरीज २,६४,०००, म्हणून सरासरी २४,०००. पण अकरापैकी नऊ घरं या सरासरीच्या खाली आहेत. रांगेतलं बरोबर मधलं, म्हणजे सहावं घर १२,००० रुपयांचं आहे. हाच मध्यक. निम्मी घरं त्याच्या खाली, निम्मी वर. ट्रॉलरमालकाचं उत्पन्न दुप्पट झालं तर सरासरी ३६,७०० च्या पुढे जाईल, मध्यक मात्र १२,००० वरच राहील.

राज्याच्या आर्थिक पाहणीत छापला जाणारा जिल्ह्याचा ‘दरडोई उत्पन्ना’चा आकडा तर याहून वेगळ्याच जातीचा आहे. जिल्ह्याच्या हद्दीत झालेल्या उत्पादनाचं मूल्य घ्यायचं आणि त्याला लोकसंख्येने भागायचं, अशी त्याची रीत. न्हावा-शेव्याचं बंदर, थळचा खत कारखाना, जयगडचं वीज केंद्र यांची मूल्यवृद्धी त्यात येते, मग त्यातला पैसा कुठल्याही गावी जावो. उलट मुंबईतल्या चाकरमान्याने घरी पाठवलेला पैसा त्यात येत नाही, कारण तो मिळवला मुंबईत. ज्या मुलखात कित्येक घरांची चूल मनीऑर्डरीवर पेटत आली, तिथे हा आकडा घराघरांतली परिस्थिती दाखवेल अशी अपेक्षाच चुकीची. ‘नाबार्ड’च्या पाहणीतला ग्रामीण कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाचा आकडा, म्हणजे २०१५-१६ चा ८,०५९ रुपये आणि २०२१-२२ चा १२,६९८ रुपये, कुटुंबांनाच विचारून काढलेला आहे. पण तीही सरासरीच, आणि तीही देशाची.

कुटुंब म्हणजे कोण?

पाहणीच्या भाषेत एका चुलीवर जेवणारी आणि एरवी एकत्र राहणारी माणसं म्हणजे कुटुंब. सहा महिन्यांहून अधिक काळ बाहेर राहणारा मुलगा त्यात धरत नाहीत. त्याने पाठवलेले पैसे मात्र घराच्या उत्पन्नात धरतात. कोकणात हा नियम नीट लावण्यावर फार काही अवलंबून आहे. ‘घरात किती माणसं?’ असं विचारलं की आई डोंबिवलीतल्या मुलाला आणि सुनेलाही मोजते. त्याचा पगार घरात धरला की तेच घर एका फटक्यात रांगेच्या खालच्या टोकाकडून वरच्या टोकाला जातं.

दुसरी अडचण बंद घरांची. २००१ ते २०११ या दशकात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली, रत्नागिरीची सुमारे ४.८ टक्क्यांनी आणि सिंधुदुर्गची सुमारे २.२ टक्क्यांनी. नमुन्यात आलेल्या घराला कुलूप असेल तर पाहणी करणारा बदली घर घेतो. ते साहजिकच उघडं घर असतं, आणि उघडं घर म्हणजे बरेचदा म्हाताऱ्यांचं किंवा गावातच कमावणाऱ्यांचं. गणपतीत किंवा शिमग्यात गेलं तर सगळीच घरं उघडी, पण आतली माणसं तिथली नेहमीची नव्हेत. त्या दिवसांत भरलेली प्रश्नावली वर्षाच्या उरलेल्या महिन्यांबद्दल काही सांगत नाही.

उत्पन्न म्हणजे किती, आणि कधीचं?

पगारदाराला हा प्रश्न सोपा. आंबा बागायतदाराचं तसं नाही. समजा २०० पेट्या गेल्या आणि पेटीला सरासरी १,५०० रुपये आले, तर विक्री ३ लाखांची झाली. त्यातून फवारणी, राखण, काढणीची मजुरी, पेट्या आणि पेंढा, वाशीपर्यंतचं भाडं, दलाली असे १ लाख ८० हजार वजा जाता उरले १ लाख २० हजार, म्हणजे महिना १०,०००. पाहणी करणाऱ्याने ‘आंब्याचे किती आले?’ एवढंच विचारलं आणि ३ लाख लिहून घेतले, तर तेच घर महिना २५,००० चं होतं. बाग खंडाने दिली असेल तर खर्च खंड घेणाऱ्याचा, म्हणून तिथे मिळालेली रक्कम जवळजवळ निव्वळच असते. हा भेद प्रश्नावलीत नसेल तर दोन शेजारी बागायतदारांची तुलनाच होऊ शकत नाही.

मासेमारीत आणखी गुंता आहे. खलाशाला पुष्कळदा पगार नसतो, वाटा असतो, आणि तो डिझेल, बर्फ, रेशन वजा जाऊन उरलेल्या रकमेतून निघतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद. ऑगस्टच्या सुरुवातीला ‘गेल्या तीस दिवसांत किती मिळाले?’ विचारलं तर उत्तर शून्य येईल, आणि मे महिन्यात बागायतदाराला तेच विचारलं तर तो लखपती दिसेल. म्हणून अशा धंद्यांना बारा महिन्यांचा हिशेब विचारावा लागतो, आणि पाहणीची घरं वर्षभरात विखरावी लागतात. २०२२-२३ ची खर्चाची राष्ट्रीय पाहणी ऑगस्ट २०२२ ते जुलै २०२३ अशी वर्षभर चालली, ती याच कारणासाठी.

घरचा भात, परसातले नारळ, वाट्याला आलेली मासळी यांची किंमत धरायची की नाही हेही आधी ठरवायला हवं. धरली तर खालच्या घरांचं उत्पन्न वर येतं आणि मध्यकही वर सरकतो. दोन्ही रीती चालतात. पण एका वर्षी धरायची आणि पुढच्या वर्षी सोडायची, हे चालत नाही.

शितावरून भाताची परीक्षा

सगळ्या घरांना विचारणं परवडत नाही, म्हणून काही घरं निवडतात. तो नमुना. भात शिजला की नाही हे चार शितं दाबून कळतं, पण त्यासाठी भात ढवळलेला हवा आणि शितं एकाच कोपऱ्यातली नकोत. नमुन्याचं सगळं शास्त्र या दोन अटींभोवती फिरतं.

शंभर घरं सरळ चिठ्ठ्या टाकून निवडली आणि उत्पन्नाच्या चढत्या क्रमाने लावली, तर पन्नासाव्या-एक्कावन्नाव्या घराजवळ मध्यक मिळतो. दुसरी शंभर घरं निवडली असती तर आकडा थोडा वेगळा आला असता. तो किती वेगळा येऊ शकतो हे त्याच रांगेवरून काढता येतं. चाळिसाव्या आणि एकसष्टाव्या घराचं उत्पन्न पाहायचं. अशा रीतीने शंभर वेळा नमुने घेतले, तर साधारण ९५ वेळा खरा मध्यक या दोन आकड्यांच्या मध्ये सापडेल. मध्यकाच्या दोन्ही बाजूंच्या या जागेला आपण पट्टा म्हणू. इंग्रजी बातम्यांत ‘मार्जिन ऑफ एरर’ म्हणतात तो या पट्ट्याचा साधारण अर्धा भाग.

चारशे घरं घेतली तर पट्टा साधारण १८० व्या घरापासून २२१ व्या घरापर्यंत येतो. टक्क्यांत सांगायचं तर शंभर घरांत ४० ते ६०, चारशेत ४५ ते ५५. घरं चौपट केली तेव्हा पट्टा निम्मा झाला. पाहणी महाग का पडते, याचं उत्तर इथे आहे.

आता हेच रुपयांत पाहू. समजा एका जिल्ह्यातल्या ४०० घरांपैकी १२ टक्के घरं महिना ५,००० च्या खाली, २४ टक्के ५,००० ते १०,००० मध्ये, २२ टक्के १०,००० ते १५,००० मध्ये आणि बाकीची त्यावर आहेत. पहिले दोन गट मिळून ३६ टक्के होतात. पन्नासाव्या टक्क्याला पोचायला तिसऱ्या गटातले आणखी १४ लागतात. म्हणून मध्यक = १०,००० + (१४ ÷ २२) × ५,००० = सुमारे १३,१८० रुपये. पट्टा काढण्यासाठी हेच गणित ४५.१ आणि ५४.९ टक्क्यांवर करायचं. उत्तर येतं सुमारे १२,०७० ते १४,३००.

पण हा पट्टा खऱ्याहून अरुंद आहे. प्रत्यक्षात ४०० घरं जिल्हाभर विखुरलेली नसतात. आधी गावं निवडतात, मग प्रत्येक गावातली काही घरं. २०२२-२३ च्या खर्चाच्या पाहणीत एका गावातली १८ घरं होती. आणि एका गावातली घरं एकमेकांसारखी असतात. मच्छीमार वस्तीत सगळ्यांचं वर्ष एकदमच बिघडतं, आंब्याच्या गावात मोहर गळला तर सगळ्यांचाच. ही शितं एकाच कोपऱ्यातली. हे सारखेपण ० (काहीच साम्य नाही) ते १ (सगळी घरं अगदी सारखी) अशा मापावर ०.१ धरलं तर नमुन्याचा ‘फुगवटा’ १ + (१८ − १) × ०.१ = २.७ येतो. म्हणजे ४०० घरांतून मिळणारी माहिती ४०० ÷ २.७, साधारण १४८ सुट्या घरांइतकीच. आता पट्टा ४२ ते ५८ टक्क्यांचा झाला, आणि रुपयांत सुमारे ११,३५० ते १५,०००. १३,१८० हा आकडा तोच राहिला, पण तो ठळक छापताना हा पट्टा वगळला तर वाचकाची दिशाभूलच होते.

‘लाखो लोकांतून चारशे घरं? एवढ्यावरून काय कळणार?’

आक्षेप स्वाभाविक आहे, पण पट्ट्याची रुंदी ठरते ती नमुन्यातल्या घरांच्या संख्येवरून आणि विखुरणीवरून. लोकसंख्या किती, याचा तिच्याशी जवळजवळ संबंध नाही. २०११ च्या जनगणनेत सिंधुदुर्गची लोकसंख्या सुमारे साडेआठ लाख होती, महाराष्ट्राची सव्वाअकरा कोटी. उत्पन्नाची विषमता सारखीच असेल तर दोन्हीकडे तितकाच अरुंद पट्टा मिळवायला जवळपास तितकीच घरं लागतात.

म्हणूनच राष्ट्रीय पाहणीतले आकडे देशासाठी आणि राज्यासाठी चांगले असतात, पण जिल्ह्याशी आले की विरतात. २०२२-२३ मध्ये देशभरातून सुमारे २ लाख ६२ हजार घरं घेतली होती. सातशेहून अधिक जिल्ह्यांत ती वाटली तर एका जिल्ह्याच्या वाट्याला सरासरी साडेतीनशेच्या आसपास येतात. तालुक्याचा आकडा त्यातून मागू नये. जानेवारी २०२५ पासून श्रमशक्तीच्या पाहणीत नमुन्याची आखणी जिल्हा हा घटक धरून केली जाते. ही चांगली सुधारणा आहे, पण पट्टा तपासावा लागणारच.

वाढलं की नाही, ते कसं ठरवायचं?

समजा पहिल्या वर्षी मध्यक १५,००० होता, अधिक-उणे ९००. दुसऱ्या वर्षी १६,०००, अधिक-उणे ९००. वाढ १,००० ची दिसते. पण दोन्ही आकडे हलते आहेत, म्हणून फरकाचा पट्टा प्रत्येकाच्या पट्ट्याहून रुंद असतो. ९०० चा वर्ग अधिक ९०० चा वर्ग, त्याचं वर्गमूळ, म्हणजे सुमारे १,२७०. वाढ १,०००, अधिक-उणे १,२७०. यात शून्यही बसतं आणि २७० रुपयांची घटसुद्धा. तेव्हा ‘वाढलं’ असं म्हणता येत नाही. ‘वाढलं नाही’ असंही म्हणता येत नाही. या पाहणीला तेवढा फरक दिसत नाही, इतकंच म्हणता येतं.

इथे उलट चूकही होते. दोन पट्टे एकमेकांत शिरले की फरक नाहीच, असं धरतात. १५,००० आणि १६,५०० घ्या, दोन्ही अधिक-उणे ९००. पट्टे १५,६०० ते १५,९०० मध्ये एकमेकांवर येतात. तरी फरक १,५००, अधिक-उणे १,२७० आहे. शून्य बाहेर राहिलं, म्हणजे वाढ धरायला हरकत नाही. पट्टे डोळ्यांनी जुळवू नयेत, फरकाचाच पट्टा काढावा.

मग महागाई. काही वर्षांपूर्वीचा मध्यक १४,००० आणि दरम्यान ग्राहक किंमत निर्देशांक १५० वरून १७१ वर, म्हणजे १४ टक्के चढला, असं धरू. जुने १४,००० आजच्या किमतीत १५,९६० होतात. आजचा मध्यक १६,००० असेल तर वाढ ४० रुपयांची. जुन्या आकड्याचा पट्टाही त्याच १४ टक्क्यांनी फुगवावा लागतो, आणि हे बहुतेक जण विसरतात. ग्रामीण आणि शहरी निर्देशांक वेगळे असतात, तेव्हा गावातल्या घरांना ग्रामीणच लावावा.

लोक गोल आकडे सांगतात, ही आणखी एक अडचण. १०,०००, १५,०००, २०,००० वर उत्तरांचे ढीग लागतात. मध्यक १५,००० च्या ढिगात अडकला तर तो चार वर्षं हलत नाही आणि पाचव्या वर्षी एकदम उडी मारतो. पट्ट्याची दोन्ही टोकंही १५,००० वरच येतात आणि अनिश्चितता शून्य दिसते, जी खोटी असते. वर गटांतून मध्यक काढला, त्या रीतीने हा दोष बराच कमी होतो. फक्त गटांच्या सीमा गोल आकड्यांवर न ठेवता १२,५०० किंवा १७,५०० अशा ठेवाव्यात, म्हणजे ढीग गटाच्या मधोमध पडतो.

शेवटी, घरंच बदलतात. ३०,००० रुपयांचं एक घर वेगळं झालं, एकाकडे १८,००० गेले, दुसऱ्याकडे १२,०००. माणसं तीच, कमाई तीच, पण घरटी उत्पन्नाचा मध्यक खाली आला. कोकणात एकट्या राहणाऱ्या वृद्धांची घरं वाढली की हेच होतं. यावर उपाय म्हणून घराच्या उत्पन्नाला माणसांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागतात. चार माणसांचे ३०,००० म्हणजे १५,००० धरायचे. असा दुरुस्त केलेला मध्यक मूळ मध्यकाच्या शेजारी छापला, तर कोणता बदल कमाईचा आणि कोणता घर मोडण्याचा हे वेगळं दिसतं. तीच घरं पुन्हा गाठली तर आणखी स्पष्ट चित्र मिळतं. भारत मानव विकास सर्वेक्षणाने २००४-०५ मधल्या घरांपैकी सुमारे ८३ टक्के घरं २०११-१२ मध्ये पुन्हा गाठली होती. जी सापडली नाहीत त्यांत गाव सोडून गेलेलेही असतात, हे लक्षात ठेवावं लागतं.

पाच वर्षं एकत्र केली तर?

अमेरिकेत ‘अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे’ दरवर्षी सुमारे ३५ लाख पत्त्यांवर जातो, तरी ६५,००० पेक्षा कमी वस्तीच्या ठिकाणांचा नेहमीचा एका वर्षाचा आकडा देत नाही. पाच वर्षांची उत्तरं एकत्र करून आकडा देतो, आणि सोबत पट्टाही छापतो. आपल्या जिल्ह्यांसाठी ही रीत उपयोगी आहे, पण तिचीही किंमत आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुडच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. २०१८ ते २०२२ चा एकत्र आकडा घेतला तर वादळाआधीची दोन चांगली वर्षं त्यात मिसळतात आणि पडझड झाकली जाते. सुपारीचं नवं झाड उत्पन्न द्यायला वर्षं घेतं, आणि आकडा मात्र सपाट दिसतो. शिवाय २०१८-२२ ची तुलना २०१९-२३ शी करू नये. पाचातली चार वर्षं दोन्हीकडे तीच आहेत. तुलना करायची तर २०१३-१७ शी.

‘तहसीलदारांचे दाखले आहेत, पाहणी कशाला?’

दाखला मिळवण्यामागे काही हेतू असतो. महाराष्ट्रात पिवळ्या शिधापत्रिकेसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १५,००० रुपये आणि केशरीसाठी १ लाख ठरवलेली आहे. जिथे मर्यादा असते तिथे आकडे मर्यादेच्या जरा खाली गोळा होतात. आयकराच्या नोंदींत शेतीचं उत्पन्न करमुक्त, आणि बहुतेक घरं त्या नोंदींत नाहीतच.

‘लोक खरं सांगत नाहीत’

काही जण सांगत नाहीत, हे खरं. पण इथे मध्यकाचा गुण कामी येतो. वरच्या वाडीतल्या ट्रॉलरमालकाने १,४०,००० ऐवजी ५०,००० सांगितले तर सरासरी २४,००० वरून सुमारे १५,८०० वर घसरते, मध्यक १२,००० च राहतो. मधल्या रेषेवरून पलीकडे उडी मारणारं खोटंच मध्यकाला हलवतं.

सगळेच थोडं कमी सांगत असतील तर मात्र मध्यक खाली ओढला जातो, आणि वर काढलेला पट्टा हे दाखवत नाही. तो फक्त नमुन्यामुळे येणारी अनिश्चितता दाखवतो. दरवर्षी तितक्याच प्रमाणात कमी सांगितलं गेलं तर पातळी चुकते, पण वाढीचा टक्का बराचसा टिकतो. प्रश्न बदलले की हा आधारही जातो. २०२२-२३ च्या खर्चाच्या पाहणीत एका भेटीऐवजी तीन भेटी झाल्या, वस्तूंची यादीही बदलली, म्हणून तिचे आकडे २०११-१२ शी सरळ जोडता येत नाहीत. अमेरिकेने २०१४ मध्ये उत्पन्नाचे प्रश्न बदलले तेव्हा नमुन्याच्या एका भागाला नवे आणि उरलेल्यांना जुने प्रश्न विचारले, म्हणजे बदलाचा परिणाम वेगळा मोजता आला. आपल्या पाहणीतही पुढेमागे प्रश्न बदलतील, तेव्हा हीच काळजी घेतली जावी.

ग्रामपंचायतीने स्वतः मोजायचं ठरवलं तर

जिल्ह्याच्या आकड्याची वाट न पाहता हे काम गावाला करता येतं. समजा गावात ३२० चुली आहेत. वाडीवार यादी करा, बंद घरं वेगळी लिहा. पहिल्या तीन घरांतलं एक चिठ्ठीने काढा आणि तिथून दर तिसरं घर घ्या. सुमारे १०६ घरं मिळतील, आणि ती सगळ्या वाड्यांत पसरलेली असतील, त्यामुळे फुगवट्याची भीती फारशी उरत नाही. गणपती, शिमगा आणि मे महिना टाळा. बारा महिन्यांचा हिशेब धंद्यावार विचारा: विक्री, खर्च, मजुरी, वाटा, पेन्शन, मुंबईहून आलेले पैसे. कुलूप दिसलं तर लगेच शेजारचं घर घेऊ नका, आणखी दोनदा जा.

मग रांग लावा. मधलं घर त्रेपन्नावं-चोपन्नावं. गावातली तिसरा हिस्सा घरं विचारलेली असल्यामुळे पट्टा थोडा अरुंद होतो, साधारण पंचेचाळिसाव्या घरापासून बासष्टाव्यापर्यंत. ही दोन उत्पन्नं मध्यकाच्या शेजारी ग्रामसभेत वाचून दाखवा. नावं गाळलेले कागद आणि प्रश्नांची प्रत कपाटात ठेवा. तीन वर्षांनी त्याच महिन्यांत, तेच प्रश्न, त्याच क्रमाने विचारायचे आहेत.